झिरो ए.डी. गेम मध्येच बंद पडतोय? आधी बघा, दरवेळी त्याच जागी पडतोय का कुठंपण

गेले दोन-अडीच महिने आमच्याकडं दर रविवारी रात्री तेच चाललेलं. कोल्हापुरात राजारामपुरीत दोस्ताच्या घरी वरच्या खोलीत आम्ही पाचजण आपापली मशीन घेऊन जमतो, मधे एक जुना आठ पोर्टचा स्विच, त्याला सगळ्यांच्या केबली, आणि मग रात्री एक-दीडपर्यंत लॅनवर झिरो ए.डी. मॅच रंगात येते, मौर्य घेतलेला हत्ती काढून समोरच्याच्या भिंतीवर चालून जातो आणि नेमका तेव्हाच घरवाल्या दोस्ताचा गेम गप्पकन बंद. एरर नाही, मेसेज नाही, सरळ डेस्कटॉप समोर. कधी पस्तिसाव्या मिनिटाला, कधी पन्नासाव्या, एकदा तर चालू करून दहा मिनिटं झाली नव्हती. आणि ज्या दिवशी बंद पडत नाही त्या दिवशी ‘आउट ऑफ सिंक’ची (मशीनं एकमेकांशी जुळत नाहीत अशी) खिडकी येते आणि सगळ्यांच्याच मॅचचा इस्कोट होतो.

आता हे सुटलंय. सुटायला इतका वेळ लागला कारण आम्ही चुकीच्या टोकाकडनं सुरुवात केली होती, म्हणून जरा इसकटून लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल. मी इथं सगळं देवनागरीत लिहितोय पण टर्मिनलमध्ये (लिनक्सवर कमांड टाकायची खिडकी) टाकताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. झिरो ए.डी. हा फुकट आणि ओपन सोर्स स्ट्रॅटेजी गेम आहे, २००१ साली एज ऑफ एम्पायर्स २ चा मॉड (मूळ गेममध्ये फेरबदल) करायचा म्हणून काही पोरांनी डोक्यात घेतलेलं, पुढं स्वतंत्र गेम झाला आणि २००९ मध्ये सगळा कोड खुला केला. इंजिनचं नाव पायरोजेनेसिस, ते सी++ मध्ये आहे आणि गेमचे नियम, एआय, रँडम मॅप हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये. हे सांगायचं कारण असं की क्रॅश शोधताना तो सी++ च्या बाजूला झालाय का जावास्क्रिप्टच्या, याचा लई फरक पडतो. जावास्क्रिप्टमध्ये चूक असली तर शक्यतो गेम मरत नाही, स्क्रीनवर लाल अक्षरं येतात आणि लॉगमध्ये ओळ पडते. गेम धाडकन मरतो तेव्हा गडबड बहुतेक खालच्या थरात असते, किंवा त्याच्याही खाली.

आम्ही काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही त्यात वेळ घालवणार नाही. गेम काढून तीनदा परत टाकला. होस्ट बदलला. केबल बदलली. सगळे मॉड काढले. ग्राफिक्स एकदम खाली आणलं, सावल्या बंद, पाणी साधं. दर वेळी एखादी मॅच नीट व्हायची आणि आम्ही म्हणायचो झालं, सुटलं, आणि पुढच्या रविवारी परत तेच. जो प्रॉब्लेम मधनंमधनं येतो तो एकदा आला नाही म्हणून गेला असं धरायचं नाही, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

रस्ता दाखवला तो आमच्या दाजींनी, आणि त्यांचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. ते उद्यमनगरात फौंड्रीत आहेत. जेवताना मी हे सगळं सांगत होतो तर ते म्हणाले, “आमच्याकडं कास्टिंगला ब्लोहोल, म्हंजी गॅसचं भोक, आलं की पयल्यांदा काय बघतो सांगू? ते दर पीसला त्याच जागी येतंय का कुठंबी येतंय. त्याच जागी येत असंल तर पॅटर्न बघायचं, गेटिंग, म्हंजी मेटल आत यायची वाट, बघायचं. कुठंबी येत असंल तर मग वाळूत ओल हाय न्हाईतर मेटलमध्येच गॅस हाय. तुझं कसं येतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन महिन्यांत आम्ही कुणी ते लिहूनच ठेवलं नव्हतं.

तर पहिलं काम हेच. गेम नेमका कुठं मरतोय हे लिहून काढायचं, आणि ते अंदाजानं नाही. “हत्ती आले की पडतोय” असं आमच्यातला एकजण छातीठोक सांगत होता. हत्ती येतात तेव्हा मॅप भरलेला असतो, मेमरी जास्त लागत असते, रस्ता शोधायचं काम वाढलेलं असतं, त्यामुळं हत्तीचा दोष आहे असं वाटणं साहजिक आहे, पण त्यावरनं काही ठरत नाही.

त्यासाठी गेम आयकॉनवर क्लिक करून उघडायच्या ऐवजी टर्मिनलमधनं चालू करा. पडला की लगेच एको, स्पेस, डॉलर, प्रश्नचिन्ह एवढं टाईप करून एंटर मारा. एक आकडा येईल. १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामनं आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला (१२८ अधिक सिग्नल ११). १३४ आला तर ॲबॉर्ट, म्हणजे प्रोग्रामनंच स्वतः काहीतरी बिनसलंय हे ओळखून हात वर केले (१२८ अधिक ६). १३७ आला तर त्याला बाहेरनं कुणीतरी मारलंय (१२८ अधिक ९), आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा कर्नल (सिस्टीमचा गाभा) असतो, मेमरी संपली की तो सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उचलतो. हे तिन्ही रोग वेगळे आहेत, वरनं मात्र एकसारखेच दिसतात, तिन्हीत गेम गायब होतो. १३७ असेल तर बाकीचं काही वाचू नका, जर्नलसीटीएल ह्या सिस्टीमचा लॉग दाखवणाऱ्या कमांडला डॅश के लावून बघा, ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ दिसेल, मग स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा, ब्राउझर बंद करून खेळा, मॅप लहान घ्या, विषय संपला. ४ जीबीच्या मशीनवर मोठा मॅप आणि आठ खेळाडू घेतले की हेच होणार.

कधी कधी गेम जायच्या आधी एक खिडकी किंवा टर्मिनलमध्ये लांबलचक मजकूर येतो, आम्हाला अतिशय खेदानं कळवावं लागतंय की प्रोग्रामला एरर आलाय अशा अर्थाचा. तो बघून लोक चिडतात आणि घाईनं बंद करतात. करू नका. त्यात कोडच्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो, तेवढ्यावर अर्धं काम होतं. कॉपी करून ठेवा, नाहीतर फोटो काढा.

विंडोजवाल्यांना स्टार्ट मेनूमध्ये गेमच्या फोल्डरात लॉग फोल्डर उघडायचा शॉर्टकट मिळेल. त्यात मेनलॉग आणि इंटरेस्टिंगलॉग नावाच्या दोन एचटीएमएल फाइल्स असतात, आणि क्रॅश नीट पकडला गेला असेल तर क्रॅशलॉगची डंप फाइलपण. गेम परत चालू करायच्या आधी ह्या फाइल्स दुसरीकडं कॉपी करा, कारण नवीन रन जुन्या लॉगवर लिहितो. लिनक्सवर हे लॉग होम फोल्डरातल्या डॉट कॉन्फिगमध्ये, त्यात ०एडी, त्यात लॉग्ज.

आमचा आकडा बहुतेक वेळा १३९ यायचा, एकदा १३४ आला. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड, बघितलं. तिथं गेमच्या किंवा त्याच्या थ्रेडच्या (आतल्या एका समांतर कामाच्या) नावानं एक ओळ पडलेली असते, आणि ही एक ओळ नीट वाचायला शिकलात तर निम्मं निदान तिथंच होतं. ‘सेगफॉल्ट ॲट’ आणि पुढं अगदी लहान आकडा असेल, शून्य, ८, १८ असला काहीतरी, तर कोडमध्ये कुठंतरी रिकामा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) वापरला गेलाय, ती शक्यतो प्रोग्रामची चूक. पण आमच्या ओळींत दोनदा ‘जनरल प्रोटेक्शन’ असं होतं. ६४ बिट प्रोसेसरवर प्रोग्रामच्या मेमरीचे पत्ते एका ठराविक पट्ट्यातच असतात, वरचे १६ बिट शून्य असायला लागतात, आणि तिथं एखादा बिट उगाच १ झाला की तो पत्ता पत्ताच राहत नाही, प्रोसेसर सेगफॉल्टच्या ऐवजी ही तक्रार करतो. जनरल प्रोटेक्शन दिसलं म्हणजे हार्डवेअरच असं मात्र नाही, सोडून दिलेली मेमरी परत वापरली तरी असला कचरा पत्ता तयार होतो. पण कान टवकारायला तेवढं बस्स.

त्याच्या पुढची पायरी कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम मेला त्या क्षणीची त्याच्या मेमरीची प्रत. सिस्टीमडी-कोअरडंप पॅकेज टाकलेलं असेल तर कोअरडंपसीटीएल लिस्ट म्हटलं की आत्तापर्यंतचे सगळे क्रॅश वेळेसकट दिसतात, आणि कोअरडंपसीटीएल डीबग म्हटलं की सरळ जीडीबीमध्ये (चुका शोधायचा डीबगर) तो क्रॅश उघडतो. तिथं बीटी टाकायचं, म्हणजे बॅकट्रेस, कुठल्या फंक्शनमधनं कुठं जाताना तो मेला त्याची यादी. पहिल्यांदा नुसती प्रश्नचिन्हंच दिसतील कारण डीबग सिम्बॉल (फंक्शनांची नावं) नसतात. डीबगइन्फोडी चालू करायचं का असं जीडीबी स्वतः विचारतो, हो म्हणा, उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च सगळ्यांचे सर्व्हर आहेत, तो सिम्बॉल उतरवून घेतो. एकदा नेटपॅक जाईल थोडा, पण त्याशिवाय वाचण्यासारखं काही हाती येत नाही.

माझ्यासमोर तीन रविवारचे तीन बॅकट्रेस होते. एक गडी चालत कुठनं जाणार तो रस्ता शोधणाऱ्या कोडमध्ये. दुसरा जावास्क्रिप्ट इंजिनच्या गार्बेज कलेक्टरमध्ये, जो नको असलेल्या वस्तू मेमरीतनं झाडून काढतो. तिसरा टेक्स्चर लोड करताना. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खोलीत सगळे म्हणाले गेममध्येच ढीगभर बग आहेत बघ. मला मात्र दाजींचं बोलणं आठवलं, ब्लोहोल कुठंबी येतंय. आणि गार्बेज कलेक्टर तर अख्ख्या ढिगातनं फिरतो, प्रत्येक वस्तूच्या पॉइंटरमागनं जातो, म्हणजे कुठं एक बिट जरी बिघडला असेल तर त्याचा पाय तिथं पडणारच. तिथं क्रॅश दिसला म्हणून लगेच त्याच्यावर खापर फोडू नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला आधी माहीत असती तर दोन महिने वाचले असते. रिप्ले.

झिरो ए.डी. प्रत्येक मॅचचा रिप्ले आपोआप ठेवतो, आणि तो व्हिडिओ नसतो. त्यात फक्त कुणी कधी काय हुकूम दिला एवढंच लिहिलेलं असतं, कमांड्स नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये, टर्ननुसार. एक टर्न २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला पाच. ते हुकूम परत त्याच क्रमानं चालवले की मॅच हुबेहूब तशीच घडली पाहिजे, शेवटच्या बाणापर्यंत. लॅनवर खेळतानापण हेच असतं, एकमेकांना पूर्ण मॅप पाठवत नाहीत, फक्त हुकूम पाठवतात आणि प्रत्येक मशीन आपापलं गणित करतं. त्यासाठीच सिम्युलेशनच्या (मॅचच्या गणिताच्या) सी++ कोडमध्ये नेहमीचे फ्लोटिंग पॉइंट आकडे वापरत नाहीत, ३२ बिटांचे फिक्स्ड पॉइंट वापरतात, १६ बिट अपूर्णांकाला राखून, म्हणजे कुठल्याही प्रोसेसरवर उत्तर एकच यावं. सगळ्यांचं गणित जुळतंय का हे हॅश (सगळ्या स्थितीवरनं काढलेला एक ठसा) काढून तपासलं जातं. न जुळलं की आउट ऑफ सिंक. मला हे वाचल्यावर लई भारी वाटलं, कारण याचा अर्थ रिप्ले ही आयती तपासणीची पट्टी आहे. एकच उदाहरण, एकच उत्तर. ज्या मशीनवर उत्तर बदलतंय ते मशीन खोटं बोलतंय.

कसं करायचं ते सांगतो. लिनक्सवर होम फोल्डरातलं लपवलेलं डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात ०एडी, त्यात रिप्लेज, त्यात आवृत्तीच्या नावाचं फोल्डर आणि त्यात तारखेनं नाव दिलेली फोल्डरं. गेम मध्येच मेला असला तरी कमांड्सची फाइल तिथं असते, कारण ती प्रत्येक टर्नला लिहिली जाते. मॅच संपल्यावरची मेटाडेटा फाइल तेवढी नसेल, ती लागतपण नाही. मग टर्मिनलमध्ये गेमचं नाव, पुढं डॅश लावून रिप्ले, बरोबरचं चिन्ह आणि त्या फाइलचा पूर्ण पत्ता. खिडकी उघडणार नाही, चित्र नाही, आवाज नाही, नुसते टर्नचे आकडे पळत जातील, आणि शेवटी ‘फायनल स्टेट’ असं लिहून एक लांब हॅश येईल. एकेचाळीस मिनिटांची मॅच म्हणजे बारा हजार टर्नच्या वर, पण चित्र काढायचं नसल्यामुळं ती त्याच्या कितीतरी आधी संपते. आवृत्ती आणि मॉड मात्र मॅचच्या वेळी होते तेच पाहिजेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आणि चित्र नाही हाच मोठा फायदा आहे. असा बिनचित्राचा रिप्ले पडला तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, आवाज, हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. आम्ही सावल्या आणि पाणी बंद करण्यात तीन रविवार घालवले होते, ते एवढ्यात निकालात निघालं असतं.

मी पडलेल्या मॅचची कमांड्सची फाइल माझ्या मशीनवरची घेतली, दोस्ताची नाही, कारण त्याच्या फाइलमधले हॅशच चुकलेले असायची शक्यता होती. माझ्याकडं पाच वेळा चालवली. पाचही वेळा पूर्ण झाली, मॅचच्या वेळी नोंदवलेले हॅश सगळे जुळले आणि शेवटचा हॅश पाचही वेळा तोच. मग पेनड्राइव्हवर घेऊन दोस्ताच्या मशीनवर पाच वेळा. पहिल्यांदा नीट, हॅश माझ्यासारखाच. दुसऱ्यांदा चार हजाराव्या टर्नच्या आसपास मेला. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेला पण मधेच हॅश मिसमॅच दाखवायला लागला आणि शेवटचा हॅश वेगळाच आला. चौथ्यांदा नीट. पाचव्यांदा नऊ हजारच्या पुढं मेला. तो माझ्या शेजारी बसून बघत होता, तिसऱ्या वेळेला तो हॅश बदललेला बघितल्यावर काही न बोलता उठला आणि कॅबिनेटची बाजू खोलायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.

त्याच्याकडं रॅमच्या दोन स्टिक होत्या, एक जुनी ४ जीबी आणि नंतर सेकंडहँड घेतलेली ८ जीबी. काढून खोडरबरनं कॉन्टॅक्ट घासले, ब्रशनं स्लॉट साफ केला, परत बसवल्या. तो रविवार एकदम सुरळीत गेला. पुढच्या रविवारी परत पडला. खोडरबरचा उपाय खोटा नाही, काळवंडलेल्या कॉन्टॅक्टनं खरंच असं होतं, पण घासल्यावर रिप्ले परत वीस वेळा चालवून बघायला पाहिजे होता आणि आम्ही तो चालवला नाही, सगळ्यांना खेळायची घाई.

मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं. तेपण ओपन सोर्स आहे, पेनड्राइव्हवरनं बूट करायचं, २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून ते नवीन यूईएफआय बोर्डांवरपण चालतं. सुरू झालं नाही तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघा. रात्री लावून झोपायचं, एका पासवर (फेरीवर) समाधान मानायचं नाही. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या, जास्त नाहीत, नऊ, पण सगळ्यांचे पत्ते एकाच भागात आणि दर वेळी बिघडणारा बिट एकच. रॅममध्ये एकही एरर चालत नाही, नऊ काय आणि नऊशे काय. तो पत्ता मेमरीच्या पार वरच्या टोकाकडं होता. नंतर दोस्तानं सांगितलं की अपडेट करताना कधीमधी पॅकेजचा चेकसम जुळत नाही म्हणून परत डाउनलोड करायला लागायचं, ब्राउझरचा टॅबपण आपोआप मरायचा. हे त्यानं आधी सांगितलं नाही कारण आम्ही विचारलं नाही, आम्ही फक्त गेमबद्दल विचारत होतो.

स्टिक खराब का स्लॉट खराब हे ठरवायचं असेल तर एक-एक स्टिक एक-एक स्लॉटमध्ये टाकून टेस्ट करा. आमची चूक स्टिकच्या मागं गेली, स्लॉट बदलला तरी ८ जीबीवालीच लाल. एक्सएमपी (बायोसमधलं रॅम जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) चालू असेल तर ते आधी बंद करून टेस्ट करा, नाहीतर चांगल्या स्टिकला विनाकारण फेकाल. नवीन स्टिक येईपर्यंत एक रविवार आम्ही ग्रबच्या (बूट लोडरच्या) सेटिंगमध्ये बॅडरॅमची ओळ टाकून तेवढा भाग वगळून खेळलो, मेमटेस्ट तो पॅटर्न स्वतः काढून देतं. चाललं, पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे, खराब जागा वाढत जाऊ शकते. नवीन स्टिक आल्यापासून तोच रिप्ले त्याच्याकडं तीस वेळा चालवलाय, तीस वेळा तोच हॅश.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, जिथं ब्लोहोल दरवेळी त्याच जागी येतंय. कसबा बावड्याला माझ्या मामाचा पोरगा आहे, अकरावीत, त्यानं कोल्हापूरचा रँडम मॅप लिहिलाय, मधे रंकाळा, वरनं वळण घेत पंचगंगा, कडेनं डोंगर. फार सुंदर केलाय. त्याची तक्रार अशी की गेम कधी कधी लोडिंगलाच अडकतो, पट्टी एका जागी थांबते ती थांबतेच. हा खरं तर क्रॅश नाही, हँग आहे, पण लोक दोन्हीला क्रॅशच म्हणतात. मी पहिला प्रश्न तोच विचारला, पट्टी दरवेळी त्याच जागी थांबते का? म्हणाला, “व्हय दादा, दरवेळी तिथंच, पन दरवेळी होत न्हाई.”

रँडम मॅप खरा रँडम नसतो, त्याच्या मागं एक सीड असतो, एक आकडा, आणि तोच सीड दिला की तोच मॅप तयार होतो. तो सीड कमांड्सच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत सापडतो. अडकलेल्या वेळचा सीड घेतला, परत दिला, परत अडकला. चार वेळा दिला, चार वेळा तिथंच. म्हणजे रॅम नाही, ड्रायव्हर नाही, सरळ स्क्रिप्ट. पट्टी किती भरली हे स्क्रिप्टमध्येच टाकलेलं असतं, त्यामुळं थांबलेल्या आकड्याच्या पुढच्या ओळी बघायच्या. तिथं दगडाच्या खाणी ठेवायचा भाग होता आणि त्यानं व्हाईल लूप लिहिलेला, जागा मिळेपर्यंत शोधत राहा असा. लहान मॅप घेतला आणि त्या सीडला रंकाळा मोठा आला की पाण्यापासून लांब, डोंगरापासून लांब आणि खेळाडूंच्या गावापासून लांब अशी एकही जागा शिल्लक राहत नव्हती, आणि लूप बिचारा शोधतच राहायचा. खात्री करायची म्हणून चालत्या गेमला जीडीबी लावून सगळ्या थ्रेडचा बीटी काढला, मॅप बनवणाऱ्या थ्रेडच्या वरच्या सगळ्या ओळी जावास्क्रिप्ट इंजिनच्याच. उबुंटूवर चालत्या प्रोसेसला जीडीबी लावायला सुडो लागतंय, नाहीतर परवानगी नाही म्हणतो.

उपाय सोपा. स्वतःचा लूप लिहायचा नाही, गेमच्या लायब्ररीत वस्तू ठेवायची फंक्शनं आहेत, त्यांना किती पाहिजेत आणि किती वेळा प्रयत्न करायचा हे दोन्ही देता येतं, नाही दिलं तर प्रयत्नांसाठी दहा पट धरतात, आणि तेवढ्यात नाही जमलं तर पुढं जातात. खाण एखादी कमी पडेल, मॅप तर तयार होईल. त्यानं ते बदललं आणि तोच सीड चालला. तो सीड त्यानं वहीत लिहून ठेवलाय, मॅपमध्ये काही बदल केला की आधी तो चालवून बघतो. अकरावीतल्या पोरानं स्वतःहून ही सवय लावून घेतली याचं मला फार कौतुक वाटलं.

ग्राफिक्सचं थोडक्यात. बिनचित्राचा रिप्ले शंभर टक्के नीट चालतोय, पण रिप्ले व्हिज्युअल देऊन चित्रासकट चालवला की पडतोय, तर मग चित्राच्या बाजूला बघा. मेसावाल्यांनी (लिनक्सचे ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर वापरणाऱ्यांनी) लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर हा व्हेरिएबल १ करून गेम चालवायचा, कार्डाला बाजूला ठेवून प्रोसेसरच चित्र काढतो, गोगलगायीसारखं चालेल पण पडायचा थांबला तर ड्रायव्हरवर बोट ठेवता येतं. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या अल्फा २७ पासून चित्र काढायला ओपनजीएलशिवाय व्हल्कनचा पर्याय आहे, तो चालू असेल तर ओपनजीएलवर या. मेनूपर्यंत पोचताच येत नसेल तर युजर डॉट सीएफजी फाइलमध्ये रेंडरर बॅकएंड हाताने जीएल करा. आवाजाचा संशय असेल तर डॅश नोसाऊंड. मॉडचा संशय असेल तर डॅश मॉड बरोबर पब्लिक, म्हणजे फक्त मूळ गेम उघडतो. आणि डॉट कॅशमधलं ०एडीचं फोल्डर बिनधास्त उडवा, ते परत तयार होतं, पहिल्यांदा लोडिंगला वेळ लागेल एवढंच.

क्रॅश त्याच टर्नला, दोन वेगवेगळ्या मशीनवर, फक्त मूळ गेमवर येत असेल तर तो खरा बग आहे आणि तो कळवायलाच पाहिजे. ज्यांना कोडवरनं गेम बिल्ड करता येतो त्यांनी ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करावं, गेम साधारण निम्म्या वेगानं चालतो पण मेमरी जिथं पहिल्यांदा बिघडली ती ओळ दाखवतो, व्हॅलग्राइंड ह्या दुसऱ्या तपासणीच्या टूलच्या वीस-तीस पट संथपणापेक्षा हे कितीतरी बरं. आणि आधीच्या आवृत्तीत होत नव्हतं असं असेल तर गिट बायसेक्ट (दरवेळी निम्मे बदल बाद करत शोधणारी कमांड), हजार कमिट, म्हणजे कोडमधले बदल, असले तरी दहा बिल्डमध्ये नेमका कमिट सापडतो. रिप्ले हातात असल्यामुळं प्रत्येक बिल्डला खेळत बसायला लागत नाही, चालवायचा आणि पडला का नाही बघायचं.

कळवताना आवृत्ती, कमांड्सची फाइल, दोन्ही लॉग, बॅकट्रेस आणि “अमुक टर्नला, इतक्यापैकी इतक्या वेळा” एवढं एक वाक्य. शेवटचा हॅश दरवेळी वेगळा येत असेल तर मात्र थांबा, आधी मेमटेस्ट लावा, समोरची माणसं आपला वेळ खर्चून हा गेम बनवतात, आपल्या खराब रॅमच्या मागं त्यांना पळवायचं नाही. आणि फाइल पाठवायच्या आधी तिची पहिली ओळ उघडून बघा, तिथं सगळ्या खेळाडूंची नावं असतात. आमच्यातल्या दोघांनी पूर्ण नाव-आडनाव टाकलेलं, ती बदलून मग पाठवली.